पिकअपचे लोंबते दार : बिजागरी आणि लॉकची दुरुस्ती



या पानावर मी बेणे, लागण, खोडवा, हुमणी यांविषयी लिहीत असतो. शेतकी खात्याच्या माणसाने गाडीच्या दारावर का लिहावे, असे कुणीही विचारील. त्याचे कारण माझ्या डाव्या मनगटात आहे.

गेल्या हंगामात एका सभासदांच्या जुन्या पिकअपमधून को. ८६०३२ चे बेणे घेऊन आम्ही कालव्याच्या रस्त्याने चाललो होतो. क्लीनरच्या बाजूचे दार बसत नव्हते, म्हणून मालकांनी ते सायकलच्या ट्यूबने सीटच्या नळीला बांधले होते. मी विचारले तर म्हणाले, "साहेब, दोन वर्षं असंच चालतंय, काय होत न्हाई." पुढे उजवे वळण आले. माझा सगळा भार दारावर गेला, ट्यूब तुटली आणि मी खाली मुरमावर. मनगट मोडले, तेवढ्यावर निभावले. आमच्या मागे उसाच्या दोन ट्रेलरचा ट्रॅक्टर येत होता. तो माझ्यापासून दोन-तीन हातांवर येऊन थांबला. भरलेले ट्रेलर जागच्या जागी थांबत नाहीत, हे आपल्याला सांगायला नकोच.

हात प्लास्टरमध्ये असताना त्याच गाडीचे दार दुरुस्त होईपर्यंत मी डेंटरजवळ दोन दिवस बसून होतो. तेथे जे समजले आणि नंतर इतर सभासदांच्या गाड्यांवर जे पडताळून पाहिले, ते येथे देत आहे.

दार का लोंबते, हे आधी पाहू. वाड्याचे जड फाटक डोळ्यांपुढे आणा. त्याचे वजन वरची बिजागरी खांबापासून बाहेर ओढत असते आणि खालची आत दाबत असते. गाडीच्या दाराचेही तसेच. बिजागरीत लोखंडी पिन आणि तिच्याभोवती बुश असतो. त्यात ग्रीस साचते, ग्रीसवर उसाच्या रानातली धूळ बसते आणि दोन्हींचा मिळून पॉलिशपेपरसारखा लगदा होतो. दार उघडले-मिटले की तो लगदा पिन आणि बुश घासत राहतो. झीज एक मिलिमीटरच असेल, पण दोन बिजागऱ्यांत ४० सेंटिमीटर अंतर आणि दाराची लांबी १०० सेंटिमीटर असेल, तर लॉकच्या टोकाला तीच झीज अडीच मिलिमीटर होऊन दिसते. तेवढ्याने लॉकचे तोंड आणि खांबावरची कडी यांची गाठ चुकते. मग आपण दार आपटतो आणि आपटून लॉक खराब करतो.

आणि सवयी! उघड्या दाराला लोंबकळून गाडीत चढणे, दारावर रेलून मागे बघत रिव्हर्स घेणे, पोरांनी दाराचा झोका करणे. निम्मी झीज यातच होते.

तपासणी अशी करावी. दार अर्धे उघडून त्याचे टोक दोन्ही हातांनी वर उचलावे आणि खाली सोडावे. दुसऱ्या माणसाने बिजागरीवर बोट ठेवावे. पिनेपाशी खडखड लागली तर पिन-बुश गेले. पिन घट्ट आहे, पण सबंध बिजागरीच खांबावर हलते, असे असेल तर बोल्ट ढिले आहेत किंवा खांबाचा पत्रा चिरलेला आहे. बोल्ट आवळून काम होते. चिरलेल्या पत्र्यावर मात्र घरी काही करू नये, तो डेंटरकडेच न्यावा. तिथे वेल्डिंग करण्याआधी बॅटरीची वायर काढायला सांगावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दार बसत नाही म्हटल्यावर नव्वद टक्के लोक खांबावरची कडी खाली सरकवतात. दार खाली आले तर कडीही खाली, असा हिशोब. चार महिन्यांनी दार आणखी खाली येते आणि कडीला सरकायला जागा उरत नाही. म्हणून क्रम पाळावा. पहिल्यांदा बिजागरी, मग लॉक, आणि कडी सर्वांत शेवटी.

पिन काढण्याच्या आदल्या रात्री तिच्यावर गंज सोडवणारे तेल सोडावे. ते नसेल तर डिझेलही चालते. सकाळी दाराखाली जॅक लावून त्यावर लाकडी ठोकळा आणि गोणपाट ठेवावे, म्हणजे रंग खरवडत नाही. दाराला उघडताना अडवणारी जी पट्टी असते ती आधी सोडवावी. मात्र ती सुटली की दार पुढे जाऊन मडगार्डवर आपटते, म्हणून एक माणूस दार धरूनच राहावा. हे काम एकट्याचे नाही. दोन्ही पिना एकदम काढू नयेत. एक काढावी, बदलावी, मग दुसरी. असे केले की दाराची मूळ जागा हरवत नाही. पिन डोक्याच्या विरुद्ध बाजूने छिन्नी ठेवून हळू ठोकत काढावी. क्लिप असेल तर ती आधी निघाली पाहिजे.

नवीन पिन-बुश मिळाले तर उत्तम. जुन्या गाडीचे मिळत नाहीत, तेव्हा जुनी पिन लेथवाल्याकडे न्यावी. तो पितळी बुश करून देतो. भोक अंडाकार झाले असेल तर ते गोल करून थोडी जाड पिन बसवतो. पिनेला बाहेरून वेल्डिंगचा टाका मारून घेणारेही आहेत. त्याने खडखड बंद होते, पण पिन पुन्हा निघत नाही आणि झीज दुसऱ्या बाजूने सुरू होते. मला तो उपाय पसंत नाही.

लॉकची परीक्षा सोपी आहे. दार उघडे ठेवून लॉकच्या तोंडातला आकडा स्क्रू ड्रायव्हरने आत ढकलावा. दोन वेळा 'टक' असा आवाज आला पाहिजे. पहिला टप्पा म्हणजे अर्धे लागलेले दार, दुसरा म्हणजे पूर्ण लागलेले. मग हँडल ओढून आकडा मोकळा करावा. हे विसरून दार लोटले तर आकडा कडीवर आपटून वाकतो. एकच 'टक' येत असेल तर आत माती आहे किंवा स्प्रिंग गेली. रॉकेल किंवा डिझेल आणि जुना ब्रश घेऊन धुवावे, वाळवावे, पातळ तेल सोडावे. जाड ग्रीस ठासू नये, धुळीला तेच आवडते. आकड्याची कड गोल झाली असेल तर कानस मारू नये, वेल्डिंगने भरूही नये. लॉक बदलावे.

एक बारीक दोष सहसा ध्यानात येत नाही. बाहेरचे हँडल सोडल्यावर आपोआप पूर्ण मागे जाते का, ते पाहावे. हँडल अडकून राहिले तर आतली दांडी लॉकला अर्धवट मोकळे धरून ठेवते. दार लागलेले दिसते आणि खड्ड्यात दणका बसला की उघडते.

शेवटी कडी. तिच्याभोवती पेन्सिलीची रेघ मारून मगच बोल्ट थोडे ढिले करावेत. कडीला तंबाखूच्या डबीतला चुना लावावा आणि दार हळू टेकवावे. चुना कुठे पुसला यावरून गाठ वर आहे की खाली, ते दिसते. कडी एका वेळी एक-दोन मिलिमीटरच सरकवावी आणि बोल्ट पक्के आवळूनच दार लावून पाहावे. दार लागल्यावर खडखडत असेल तर कडी जरा आत न्यावी, आपटावे लागत असेल तर जरा बाहेर.

दाराच्या खालच्या कडेला पाणी जायची भोके असतात, ती चिखलाने बुजतात. आत पाणी साचून पत्रा कुजतो आणि दार जड होते. ती तारेने मोकळी करावीत. पोटॅशची पोती केबिनमध्ये ठेवूच नयेत. म्युरेट ऑफ पोटॅशमधला क्लोराईड ओलसर पत्रा फार लवकर खातो. खत सांडले तर त्याच दिवशी पाण्याने धुऊन काढावे.

हे सगळे वर्षातून दोनदा पुरे : पावसाळा संपल्यावर गळीत हंगामाच्या तोंडावर एकदा, आणि हंगाम संपल्यावर एकदा. बेणे नेण्यासाठी शेतकी खात्याचा माणूस आपल्या गाडीत बसणार असेल, तर क्लीनरच्या बाजूचे दार आधी उचलून पाहावे. मी स्वतः आता उचलून पाहिल्याशिवाय बसत नाही. त्याचा कुणी राग मानू नये.