जुना समुद्री मत्स्यटँक घेताय? आधी वही काढा, मग पाकीट!



परवाच्या व्हिडिओखाली एक प्रश्न खूप जणांनी विचारला. "सर, एकजण शहर सोडून चाललाय, त्याचा चार फुटी रीफ टँक स्वस्तात देतोय. घेऊन एखाद्या क्लिनिकमध्ये बसवला आणि महिन्याची देखभाल घेतली तर धंदा होईल का?"

होईल. पण व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून सगळं इथे सविस्तर लिहितोय. हा लेख सेव्ह करा आणि टँक बघायला जाताना सोबत ठेवा.

आधी एक किस्सा

आपल्या बॅचला कल्याणहून एक मुलगा यायचा. त्याने असाच टँक घेतला. मुलगा कष्टाळू आणि टापटिपीचा. घरी आणल्या आणल्या त्याने फिल्टरमधले स्पंज, सिरॅमिकच्या रिंगा, खडक, सगळं नळाखाली घासून लख्ख केलं. नवं पाणी भरलं, त्याच संध्याकाळी मासे सोडले. चौथ्या दिवशी एकही मासा जिवंत नव्हता.

त्याचं चुकलं कुठे? घाण राहिली म्हणून मासे मेले नाहीत, उलट जास्त स्वच्छतेने मेले. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. खडकावर आणि फिल्टरमध्ये राहणारे जिवाणू त्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने हे कामगारच मारून टाकले. समुद्री पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३ असतो, आणि पीएच जितका जास्त तितका अमोनिया जास्त विषारी. त्यामुळे गोड्या पाण्यात एखादवेळी खपून जाणारी चूक इथे खपत नाही.

म्हणजे जुन्या टँकमध्ये सगळ्यात किमती वस्तू काच नाही, लाइटही नाही. डोळ्यांना न दिसणारे ते जिवाणू आहेत, आणि तेच आपण फुकट घालवतो!

पहिला प्रश्न भावाचा नाही, कायद्याचा

हा भाग वगळू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार दगडी प्रवाळ, म्हणजे ज्याला आपण हार्ड कोरल म्हणतो, ते अनुसूची १ मध्ये आहे. २००१ पासून आहे. काळं प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्री घोडेही त्याच यादीत. वाघाला जे संरक्षण, तेच यांना. अनुसूची १ मधल्या प्राण्यांच्या गुन्ह्याला ३ ते ७ वर्षांच्या कैदेची तरतूद आहे.

विकणारा म्हणतो, "कोरलसकट देतो, घ्या." तुम्हाला वाटतं लॉटरी लागली. खरं तर तो स्वतःची डोकेदुखी तुमच्या टेम्पोत चढवतोय. मेलेल्या प्रवाळाचा सांगाडाही त्यातून सुटत नाही, म्हणून 'हा नुसता दगड आहे' या बोलण्यावर जाऊ नका.

नियम साधा ठेवा. टँक, स्टँड, यंत्रं आणि कारखान्यात बनवलेले सिरॅमिकचे खडक घ्या. मासे बिल असेल तरच घ्या. दगडी प्रवाळ घेऊ नका, विकू नका आणि समुद्रातही सोडू नका. शंका आली तर वनविभागाला विचारा. महाराष्ट्रात समुद्री जैवविविधतेचं काम वनविभागाचा कांदळवन कक्ष बघतो.

"मग सर, कोरलशिवाय टँक सुंदर कसा दिसणार?" दिसतो! नीट रचलेले कृत्रिम खडक, चांगला प्रकाश आणि क्लाउनफिशची एक जोडी पुरते. क्लाउनफिशची पैदास बंदिस्त जागेत करण्याचं तंत्र आपल्याच केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विकसित केलंय. हॅचरीत वाढलेला मासाच मागा. त्याला दाणेदार खाद्याची सवय असते, तो टिकतो आणि समुद्रातून ओरबाडलेला नसतो. ग्राहकाला ही गोष्ट सांगा, ते तुमचं मार्केटिंग आहे.

टँक बघायला गेल्यावर काय तपासायचं?

१) काचेचे जोड. कोपऱ्यातलं सिलिकॉन सुटलंय का, त्यात हवेचे बुडबुडे आहेत का ते नखाने आणि टॉर्चने बघा. घेतल्यावर सपाट जागी साध्या पाण्याने भरून दोन दिवस ठेवा. गळायचा असेल तर तुमच्या अंगणात गळू दे, डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये नको.

२) तांब्याचं औषध. "या टँकमध्ये कधी कॉपरचं औषध घातलं होतं का?" हे स्पष्ट विचारा. तांबं खडकात आणि वाळूत मुरतं आणि नंतर कोळंबी, गोगलगायी यांना मारतं. उत्तर टाळलं तर खडक आणि वाळू घेऊ नका.

३) यंत्रं चालू असताना बघा. पंप, स्किमर, चिलर. "काल चालू होतं" याला काही किंमत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात चिलर हाच टँकचा जीव आहे, कारण पाणी २५-२६ अंशांच्या आसपास ठेवावं लागतं.

४) खडकावर बटणासारखे मऊ रंगीत जीव चिकटलेले असतील तर उघड्या हाताने खरवडू नका. असे खडक उकळायचे तर अजिबात नाहीत. काही प्रकारांत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं, आणि वाफेतून त्याने माणसं दवाखान्यात पोचली आहेत.

आणि भाव? मालक म्हणेल, "मी यात तीन लाख घातलेत." घातले असतील. तो त्याचा खर्च, तुमचा भाव नव्हे. प्रत्येक वस्तू वेगळी लिहा, चालू आहे तिचीच किंमत धरा, बेरीज करा आणि तीच बोला.

हलवायचा क्रम

आधी टँकमधलंच पाणी स्वच्छ ड्रममध्ये भरून घ्या. मग खडक आणि फिल्टरमधल्या रिंगा त्याच पाण्यात बुडवून ठेवा, सुकू देऊ नका. खडक निघाले की मासे सहज पकडता येतात. त्यांना वेगळ्या झाकणाच्या डब्यात ठेवा आणि बॅटरीवरचा एअर पंप लावा. वाळूला हात सगळ्यात शेवटी. जुन्या वाळूच्या तळाशी सडका गाळ आणि विषारी वायू साठलेला असतो, तो ढवळला की मासे गेलेच समजा. जुनी वाळू टाकून नवी घेतलेली परवडते.

काचेवरचे मिठाचे थर व्हिनेगरने निघतात. साबण कधीच नाही.

बसवताना हिशेब

लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणा आणि १००० ने भागा, लिटर मिळतात. १२० × ४५ × ४५ म्हणजे २४३ लिटर. म्हणजे नुसतं पाणीच जवळपास अडीचशे किलो! वर काच, खडक, स्टँड. जमीन मजबूत आणि सपाट हवी.

खडक आणि वरची रिकामी जागा सोडली तर पाणी साधारण २०० लिटर धरा. समुद्री मीठ लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे ७ किलो. घरातलं मीठ चालत नाही. पाणी आरओ-डीआय केलेलंच वापरा आणि मीठ आधी ड्रममध्ये पूर्ण विरघळवा. रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ आलं पाहिजे.

एक चूक नव्वद टक्के नवखे करतात असं म्हटलं तर तो माझा अंदाज, पण करतात हे नक्की. पाणी उडून गेलं की वर पुन्हा मिठाचं पाणी ओततात. अरे, वाफ पाण्याची होते, मीठ आतच राहतं! उडालेल्या पाण्याच्या जागी नेहमी गोडं आरओ पाणी.

जुन्या फिल्टरचे जिवाणू जिवंत आणलेत तरी दोन आठवडे रोज अमोनिया तपासा. सगळं नवं असेल तर चार ते सहा आठवडे धरा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की मगच मासे, तेही एकदम नाही, दोन-दोन. तोवर विकणाऱ्याचे मासे त्याच्याकडेच राहू द्यात, तसं बोलूनच व्यवहार करा.

वायरिंगला ईएलसीबी हवाच. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळणारं खारं पाणी प्लगपर्यंत जात नाही.

आता मुद्द्याचं, पैसे कुठे?

टँक विकण्यात एकदाच पैसा आहे, देखभालीत दर महिन्याला. पण भाव अंदाजे सांगितलात तर तोच टँक तुम्हाला बुडवेल. खालचे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या शहरातले भाव घालून पुन्हा मांडा.

आठवड्याला १० टक्के, म्हणजे २० लिटर पाणी बदलायचं. महिन्याला मीठ सुमारे ३ किलो, समजा ७५० रुपये. खाद्य, कार्बन, टेस्ट किट ७००. आरओ पाणी १५०. चार फेऱ्यांचा प्रवास ६००. झाले २,२००. तुमची मजुरी फेरीला ५००, म्हणजे २,०००. मासा मेला, पंप बिघडला, यासाठी राखीव ५००. एकूण ४,७००.

शेजारचा ३,००० मध्ये करतो म्हणून तुम्हीही ३,००० सांगितलेत, तर दर महिन्याला १,७०० रुपये तुम्ही स्वतःच्या मजुरीतून ग्राहकाला देताय.

विजेचं आधीच कागदावर सांगा. चिलर ३०० वॅटचा रोज १० तास चालला तर ३ युनिट, १५० वॅटचा लाइट ८ तास म्हणजे १.२ युनिट, पंप आणि स्किमर मिळून ८० वॅट २४ तास म्हणजे १.९. रोजचे सहा युनिट, महिन्याला साधारण १८४. युनिटला १२ रुपये धरले तर २,२०० रुपये. हे बिल ग्राहकाला पहिल्या महिन्यात अचानक दिसलं तर दुसऱ्या महिन्यात तुमचा फोन उचलला जाणार नाही.

कागदपत्रं सोपी आहेत. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. फक्त सेवा देत असाल तर वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. प्रत्येक टँकची एक वही ठेवा. तारीख, क्षारता, तापमान, अमोनिया, काय बदललं. ग्राहक म्हणाला "तुमच्यामुळे मासा मेला", तर ती वहीच तुमचा वकील.

आणि त्या कल्याणच्या मुलाचं काय झालं? त्याने धंदा सोडला नाही. आता तो पहिल्या दिवशी ग्राहकाला रिकामा, पाण्याने भरलेला टँक दाखवतो आणि सांगतो, "मासे महिन्याने." काही ग्राहक नाक मुरडतात, निघूनही जातात. जे थांबतात, ते मात्र टिकतात.

तुमचं आजचं काम एकच. जवळचा कुठलाही जुना टँक बघायला जा. विकत घेऊ नका. फक्त वहीत चार तपासण्या आणि वस्तूंची यादी लिहून परत या. जमलं का ते खाली लिहा, पुढच्या व्हिडिओत तुमच्याच याद्यांवर बोलू.

भेटूया!