बांधकामाआधी पाण्याची वाट

गावाला अंगणवाडी, उपकेंद्र किंवा शाळेच्या नव्या खोल्या मंजूर झाल्या की जागेचा शोध सुरू होतो. गावठाणालगत मोकळी, रस्त्याला लागून, वादात नसलेली जमीन सापडली की ग्रामसभेत ठराव. त्या जागेवरून पावसाचं पाणी कुठे जातं, हा प्रश्न बहुधा पहिल्या मोठ्या पावसात उपटतो. नंदुरबार जिल्ह्यात तो आधीच विचारलेला बरा, कारण डोंगरमाथ्यापासून तापीपर्यंत त्याचं उत्तर तीनदा बदलतं.

गटांचा गाव-नकाशा इथे अपुरा पडतो. त्यात जमीन कोणाची हे कळतं, उतार कळत नाही. उतारासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा घ्यावा, त्यावर गावाच्या वरचा माथा आणि तिथून निघणारे ओहोळ पेन्सिलीने गिरवावेत आणि मग जुन्या गुराख्यांना सोबत घेऊन ती वाट पायी चालावी. पूर कुठवर चढला होता हे त्यांनाच नेमकं ठाऊक असतं. ऑगस्ट 2018 मध्ये रंगावली नदीच्या पुराने नवापूरला झोडपलं. अशा पुराच्या खुणा दोन-चार वर्षांत भिंतींवरून पुसल्या जातात, म्हणून त्या नकाशावर उतरवून ठेवाव्यात.

अक्राणी-अक्कलकुव्याचा सातपुडा म्हणजे तीव्र उतार, मातीचा पातळ थर आणि खाली मुरूम व काळा पाषाण. इथे पाण्याला थोपवायचं नाही, त्याचा वेग मोडायचा. 60 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल समतल चराच्या एका मीटरमध्ये 180 लिटर पाणी मावतं. हेक्टरी 400 मीटर चर खोदले तर एका वेळी 72 हजार लिटर. पण 50 मिलिमीटर पावसात त्याच हेक्टरवर पाच लाख लिटर पाणी पडतं! उरलेलं सावरायला गवत, झाडं, बांध आणि ओहोळातले अनगड दगडी बांध लागतात. चर खोदले की पाणलोटाचं काम झालं, असं मानणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

डोंगरात सर्वांत मोठा ओहोळ मात्र माणूसच तयार करतो. तो म्हणजे रस्ता. रस्त्याची आतली गटार सगळ्या उताराचं पाणी गोळा करते आणि एकाच मोरीतून खालच्या शेतावर सोडते. पुढे त्या शेतात घळ पडते. म्हणून मोऱ्या जवळजवळ हव्यात आणि प्रत्येकीच्या तोंडाशी दगडांचं फरशीकाम हवं. इमारतीसाठीही जेसीबीने टेकडी कापून एकच मोठं मैदान करू नये. पाड्यांवरची घरं उतारावर सुटी सुटी विखुरलेली असतात, त्याच रीतीने खोल्या दोन-तीन पातळ्यांवर बसवाव्यात.

डोंगर संपतो तिथे, तळोदा-शहाद्याच्या वरच्या अंगाला, नद्यांनी आणून टाकलेल्या गोटे-वाळूचा पट्टा आहे. गोमाई, सुसरीसारख्या नद्या इथे पाणी जमिनीत मुरवतात आणि खालच्या विहिरींना त्याचा आधार मिळतो. काँक्रीटचं अंगण, गोदाम, बाजाराचा ओटा या पट्ट्यावर घालणं हे माझ्या मते सर्वांत महागात पडणारं काम, कारण त्याचं नुकसान गावाच्या बाहेर, दुसऱ्याच्या विहिरीत दिसतं. शौचालयाच्या खड्ड्यांबाबतही इथे सावध राहावं. वाळूतून घाण लवकर पसरते, म्हणून खड्डा विहिरीपासून लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला असावा.

तापीकाठची काळी जमीन अगदी वेगळी. उन्हाळ्यात भेगाळते, पहिला पाऊस पिऊन घेते आणि मग फुगून तोंड मिटते. इथे डोंगरातले चर खोदले तर पाणी नुसतं साचून राहतं. जोत्याची उंची वाढवणं, जुना नाला बुजवू न देणं आणि छपराचं पाणी टाकीत घेणं हे इथलं काम. 200 चौरस मीटर छपरावर 10 मिलिमीटर पाऊस पडला तर दोन हजार लिटर पाणी येतं. शाळेच्या स्वच्छतागृहासाठी ते उपयोगी पडतं.

जिल्ह्याच्या दक्षिण भागात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. नंदुरबार-धुळे परिसरात पाषाणात उभ्या घुसलेल्या दगडी भिंती, म्हणजे डाईक, आहेत. काही ठिकाणी त्या लांबट डोंगररांगांसारख्या वर डोकावतात. घट्ट डाईक भूमिगत बंधाऱ्यासारखा पाणी अडवतो आणि वरच्या अंगाच्या विहिरी भरतात. भेगाळलेला डाईक मात्र उलट पाणी वाहून नेतो. तेव्हा बंधाऱ्याची किंवा विंधन विहिरीची जागा ठरवण्यापूर्वी डाईकच्या दोन्ही बाजूंच्या विहिरींची मे महिन्यातली पातळी मोजून घ्यावी. दोहोंत मोठा फरक दिसला, तर भिंत घट्ट असण्याची शक्यता जास्त.

हे सगळं ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यातच लिहावं. पेसा क्षेत्रात, म्हणजे अनुसूचित क्षेत्रात, 1996 च्या कायद्याने छोट्या जलसाठ्यांचं नियोजन योग्य स्तरावरच्या पंचायतींकडे सोपवलं आहे, त्यामुळे जागेच्या ठरावासोबत पाण्याचा नकाशा जोडण्याचा आग्रह ग्रामसभा धरू शकते. आणि त्या ठरावात देखभालीची ओळही असावी: मोऱ्या आणि चर मे अखेरीस कोण उपसणार, आणि पैसे कोणत्या निधीतून.