दिव्यावरची पाखरे

पावसाळ्याच्या तोंडावर चौकातल्या दिव्याभोवती किडे घिरट्या घालतात. सकाळी पाहावे, तर खांबाखाली पंखांचा सडा! आपण म्हणतो, "वेडे पाखरू, उजेडाला भुलले." पण पाखरू वेडे नसते. त्याची फसगत होते. ती कशी, ते आपण पाहू.

रात्री उडताना वर कुठे नि खाली कुठे, हे किड्याला कसे कळते? अंधारातही आभाळ जमिनीपेक्षा थोडे उजळ असते. म्हणून उजेडाकडे पाठ ठेवून उडायचे, ही किड्याची रीत. मग खांबावर दिवा आला. किडा दिव्याकडे पाठ करू जातो आणि कलंडतो. सावरतो, पुन्हा कलंडतो. शेवटी दमून पडतो, नाहीतर पालीच्या तोंडी जातो. शास्त्रज्ञांनी वेगवान कॅमेऱ्याने हे टिपले आणि २०२४ साली जगापुढे मांडले.

काजव्याची गोष्ट निराळी. तो स्वतःच दिवा घेऊन फिरतो. मृगाच्या सुमारास भंडारदऱ्याच्या रानात झाडेच्या झाडे चमचमतात. नर लुकलुकून साद घालतो, मादी लुकलुकून ओ देते. तिथे मोटारीचा झोत पडला, की एकमेकांची खूण दिसत नाही. जोडी जमली नाही, तर अंडी कुठून होणार? काजवे बघायला गेलेली माणसेच विजेरी मारतात, याला काय म्हणावे!

इंग्लंडात रस्त्याकडेच्या झाडांच्या कुंपणात पतंगांच्या अळ्या मोजल्या. दिव्याजवळ त्या ४७ टक्के कमी भरल्या. म्हणजे अंधारात शंभर, तर उजेडात त्रेपन्न. पांढऱ्या एलईडी दिव्यांखाली घट पिवळ्या दिव्यांपेक्षा जास्त होती. हे २०२१ साली छापून आले.

कोणी म्हणेल, "किडे गेले, बरे झाले." तसे नाही, बरं का! चिमणी पिलांना किडेच भरवते. वटवाघळे किड्यांवर जगतात. रात्रीची पाखरे फुलांचे पराग वाहतात, तेव्हा फळ धरते. स्वित्झर्लंडात कुरणांत दिवे लावून पाहिले. फुलांवरच्या किड्यांच्या रात्रीच्या फेऱ्या ६२ टक्क्यांनी घटल्या. एका रानफुलाला फळेही कमी धरली.

दिवाच नको, असे आम्ही म्हणत नाही. दिव्यामुळे विंचूकाटा दिसतो. बायाबापड्यांना निर्धास्त जाता येते. पण उजेड वाटेवर पडावा, आभाळात नको. म्हणून दिव्याला वरून झाकण घाला. शक्य तिथे पांढऱ्याऐवजी पिवळसर दिवा लावा. काम झाले, की अंगणातला दिवा मालवा. रानाच्या कडेला गरजेपुरताच उजेड ठेवा. ग्रामसभेत हे अवश्य बोला.

धूर हवेत राहतो, घाण पाण्यात राहते. उजेडाचे तसे नाही. बटण दाबले, की तो गेला. मग रात्र किड्यांची आणि झोप आपली!