कोविल म्हणजे कुणाचं घर?

परवा तंजावूरला रिक्षावाल्या अण्णांनी विचारलं, "पेरिय कोविल बघितलं का?" म्हणजे मोठं देऊळ, आपलं बृहदीश्वर.

जुन्या तमिळमध्ये 'को' म्हणजे राजा, 'इल' म्हणजे घर. राजवाडा आणि देऊळ, दोन्हींना एकच शब्द! देव आणि राजा एकाच पंक्तीला.

हे देऊळ राजराज चोळाने 1010 च्या सुमारास पूर्ण केलं. भिंतींवरच्या लेखांत त्याच्या बिरुदाआधी हाच 'को' कोरलाय: 'को राजकेसरी वर्मन'.

त्याच आवारात 1803 चा तंजावूरच्या भोसले घराण्याचा लांबलचक मराठी शिलालेख आहे. तो कोरवून घेणारे सरफोजी मात्र नावापुरते राजे. 1799 च्या तहानेच कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला होता.

तिकडे गेलात तर दोन्ही लेख जरूर बघा.