साष्टीतील एक प्रश्न

नाताळ आला की आम्हांस ख्रिस्तपुराण आठवते. कीर्तनकाराने त्याचे नाव घ्यावे, हे काही श्रोत्यांस रुचत नाही. १५६७ साली साष्टीतील देवालये पाडली गेली, ते शल्य आम्हांसही आहेच. तथापि फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने सुमारे अकरा हजार मराठी ओव्या रचल्या, १६१६ मध्ये त्या रोमन लिपीत छापल्या गेल्या, आणि त्या ग्रंथाचा आरंभ विलक्षण आहे.

चर्चमध्ये मुलांची दोतोर्न, म्हणजे ख्रिस्ती धर्मपाठ, चालू आहे. धर्मांतरित ब्राह्मण पाद्रीस पुसतो : मुलांस हे ठीक; आमची जुनी पुराणे तर गेली, आता आम्ही वाचावे काय?

मुलांसाठी स्टीफन्सने कोकणीत प्रश्नोत्तररूप पुस्तकही सिद्ध केले. ते त्याच्या पश्चात, १६२२ साली निघाले. त्यात उत्तरांप्रमाणे प्रश्नही लिहून दिलेले. मनातून उमटलेला प्रश्न त्या ब्राह्मणाचा, आणि पाद्रीने त्यास दटावले नाही. अवघे पुराण सांगितले.

आमच्या पाठशाळेत मुंज झालेली मुले संथा बिनचूक म्हणतात. गतवर्षी एकाने पुसले, “संध्येत पाणी का सोडायचे?” आम्ही म्हणालो, “आधी पाठ कर.” तो पुन्हा आला नाही.