कायदा आणि कोवळं वय – भाग ६ : मन तपासलं जातं, पण केव्हा?

अठरा वर्षांखालच्या मुलाला पोलिसांनी ताब्यात घेतलं तर त्याला कोठडीत टाकता येत नाही, बेडी घालता येत नाही आणि चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे उभं करावं लागतं, हे मागच्या भागात आलं. कायदा मुलाच्या शरीराला कुठे ठेवायचं हे नीट सांगतो. त्या मुलाच्या मनाचं काय, हा आजचा विषय आहे. त्यावर जगात बरंच संशोधन झालं आहे आणि ते वाचताना मला आपला सिंधुदुर्गातला नांदगाव तिठा सारखा आठवत राहतो.

या विषयातला एक मोठा अभ्यास अमेरिकेतल्या शिकागोचा. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या लिंडा टेप्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ ते १९९८ या काळात तिथल्या बालबंदीगृहात आलेल्या १० ते १८ वयाच्या १,८२९ मुलामुलींच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. २००२ साली निष्कर्ष छापून आले. मुलग्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश आणि मुलींपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश जणांना निदान एक तरी मानसिक विकार होता. इथे एक शंका रास्त आहे. मारामारी, चोरी, घरातून पळून जाणं यांनाच मानसोपचारात ‘वर्तन विकार’ असं नाव आहे. मग बंदीगृहातल्या मुलांत तो सापडणारच. टेप्लिन यांनी तो विकार बाजूला काढून पुन्हा मोजणी केली. तरीही मुलग्यांचा आकडा साठ टक्क्यांच्या आसपास राहिला आणि मुलींचा दोन तृतीयांशांच्या वर. नैराश्य, सततची भीती, व्यसन, चंचलता हे सगळं त्यात होतं. याच प्रकल्पातल्या आणखी एका पाहणीत नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांनी आयुष्यात किमान एक तरी जबर आघात सोसलेला निघाला. कुणी डोळ्यांदेखत खून पाहिला होता, कुणी मरता मरता वाचलं होतं.

संशोधक सीना फझल आणि सहकाऱ्यांनी २००८ साली निरनिराळ्या देशांतल्या अशा पंचवीस पाहण्या एकत्र मांडल्या. बंदिवासातल्या मुलग्यांत तीव्र नैराश्य सुमारे ११ टक्के, मुलींत सुमारे २९ टक्के. मुलींची संख्या सगळीकडे कमी असते, म्हणून त्यांच्यासाठीच्या सोयी शेवटी सुचतात. आणि आजार मात्र त्यांच्याकडेच जास्त आहे. या एका आकड्यावर स्वतंत्र भाग लिहायला हवा.

आता विषमतेकडे येऊ. शिकागोच्या त्या बंदीगृहात ज्यांना गंभीर मानसिक आजार होता, त्यांच्यातल्या साधारण १५ टक्के मुलांनाच तिथे उपचार मिळाले. ते कुणाला मिळतात, हा पुढचा प्रश्न. अमेरिकेत बालन्याय यंत्रणेतून मुलांना उपचारांकडे कसं पाठवलं जातं यावरच्या दोन दशकांतल्या अभ्यासांचा २०१६ साली आढावा घेतला गेला. बहुसंख्य अभ्यासांत वंशाचा काही ना काही परिणाम दिसला. उपचारांची चिठ्ठी गोऱ्या मुलांच्या हाती पडण्याची शक्यता जास्त होती. सारखाच राग, सारखंच गप्प बसणं. पण एकाच्या बाबतीत ते दुःखाचं लक्षण ठरतं आणि दुसऱ्याच्या बाबतीत गुंडगिरीचं.

आपल्याकडे असा अभ्यास इतका मोठा झालेला नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, त्यात १३ ते १७ वयोगटातल्या सुमारे सात टक्के मुलांना मानसिक विकार आढळला. नेहमीच्या मानसिक विकारांच्या बहुसंख्य रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत, हेही त्याच सर्वेक्षणाने दाखवलं. बारा राज्यांत ते झालं आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. बालगुन्ह्यांच्या राष्ट्रीय नोंदीत मात्र महाराष्ट्र दरवर्षी वरच्या रांगेत असतो. ताब्यात घेतलेली बहुतेक मुलं आईवडिलांजवळ राहणारी असतात, हेही त्या नोंदी वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत. ‘घरदार नाही म्हणून बिघडला’ हा समज त्यामुळे टिकत नाही.

आता तिठ्यावर या. समजा, तिथल्या एका गॅरेजात पंधरा वर्षांचा मुलगा काम करतो. वडील ट्रॉलरवर खलाशी, आई आंब्याच्या हंगामात देवगडकडे कामाला, घरी आजी. दोन वर्षांपासून त्याला धड झोप नाही. शाळेत लक्ष लागेना म्हणून शाळा सुटली. कुणी काही बोललं की हात उगारतो. आजी म्हणते, ‘झिलाक कायतरी लागला हा.’ देवळात गाऱ्हाणं घातलं जातं, कौल लावला जातो. यात तिची काही चूक नाही. तिच्या पायाखालच्या वाटेवर तेवढंच एक दार उघडं असतं आणि तिथे तिचं ऐकून घेणारी माणसं असतात. मग एके रात्री हा मुलगा मित्रासोबत कुणाची तरी मोटारसायकल उचलतो आणि हायवेवर पकडला जातो.

त्याच वयाचा, तसाच न झोपणारा, तसाच हात उगारणारा मुलगा नोकरदार घरातला असेल तर आईवडील त्याला गाडीत घालून गोव्याला बांबोळीच्या रुग्णालयात नेतात किंवा कोल्हापूरच्या खासगी डॉक्टरांकडे. त्याची फाईल दवाखान्यात तयार होते. पहिल्याची पोलीस ठाण्यात.

सिंधुदुर्गात अंतर हाही एक आजार आहे. सरकारी मानसोपचार हवे तर ओरोसचं जिल्हा रुग्णालय. भरती करण्याची वेळ आली तर प्रादेशिक मनोरुग्णालय रत्नागिरीत, दुसऱ्या जिल्ह्यात. मानसोपचार एका फेरीत संपत नाहीत. दर पंधरा दिवसांनी एका मजुरीवर पाणी सोडून, एसटीचं भाडं भरून त्या मुलाला घेऊन कोण जाणार? औषध फुकट असलं तरी तिथवरची वाट फुकट नसते.

आणि कायदा त्या मुलाच्या मनाबद्दल विचारतो तरी केव्हा? २०१५ च्या बाल न्याय कायद्यात, जो १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला, कलम १५ आहे. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर किमान सात वर्षांची शिक्षा असलेल्या अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर मंडळाने ‘प्राथमिक मूल्यांकन’ करायचं: गुन्हा करण्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची पात्रता, गुन्हा घडला ती परिस्थिती. त्यावरून त्याचा खटला प्रौढासारखा चालवायचा का हे ठरतं. १३ जुलै २०२२ रोजी बरुण चंद्र ठाकूर यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की हे काम नाजूक आणि तज्ज्ञांचं आहे. मंडळावर बाल मानसशास्त्र किंवा मानसोपचार जाणणारी व्यक्ती नसेल तर अशा तज्ज्ञाची मदत घेणं बंधनकारक आहे. हा निकाल फार मोलाचा आहे.

मूल्यांकनाच्या मुळाशी जी कल्पना आहे ती मात्र संशोधनाशी जुळत नाही. भारतासह ११ देशांतल्या १० ते ३० वयाच्या ५,००० हून अधिक व्यक्तींच्या अभ्यासात, जो २०१९ साली प्रसिद्ध झाला, असं दिसलं की शांतपणे विचार करण्याची बौद्धिक क्षमता सोळाच्या सुमाराला प्रौढांइतकी होते. पण मित्रांच्या घोळक्यात, रागात, भीतीत स्वतःला आवरण्याची क्षमता पिकायला अठरावं वर्ष उलटावं लागतं. म्हणजे तज्ज्ञाच्या खोलीत, समोर पाण्याचा ग्लास ठेवून सोळा वर्षांच्या मुलाला विचारलं, ‘चाकू मारला तर काय होतं?’ तर तो बरोबर उत्तर देईल. त्या उत्तरावरून त्या रात्रीचं त्याचं मन कळत नाही.

माझं मुख्य दुखणं पुढे आहे. कायदा तज्ज्ञाला सक्तीने बोलावतो तो खुनासारख्या आरोपानंतर, आणि तेव्हाही विचारतो ते ‘याला शिक्षा कुठल्या मापाने द्यायची’ एवढंच. मोटारसायकल उचलणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलासाठी तशी सक्ती नाही. त्याच्यासाठी आहे परिविक्षा अधिकाऱ्याचा सामाजिक अन्वेषण अहवाल, पहिल्या हजेरीपासून पंधरा दिवसांत द्यायचा. त्याच्या नमुन्यात आरोग्य, व्यसन, घरातला छळ, शाळा सुटण्याचं कारण असं सगळं विचारलेलं आहे. एक अधिकारी, अनेक तालुके, पंधरा दिवस. घाईत ‘सामान्य’ असा शब्द रकान्यात भरला गेला की तो मुलगा कायद्याच्या लेखी निरोगी होतो.

१९ मे २०२४ ची पुण्याच्या कल्याणीनगरातली घटना सर्वांना आठवते. भरधाव आलिशान मोटारीखाली दोन तरुण अभियंते गेले. गाडी चालवणारा अल्पवयीन होता. मंडळाने त्याच दिवशी जामीन दिला, त्यात तीनशे शब्दांच्या निबंधाची अट होती आणि महाराष्ट्र संतापला. पुढे त्याला निरीक्षणगृहात ठेवलं गेलं. २५ जून २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते ठेवणं बेकायदा ठरवून त्याला सोडलं आणि मानसशास्त्रज्ञाकडची सत्रं चालू ठेवायला सांगितलं. सुनावणीत न्यायालयाने त्या मुलालाही आघात झाला आहे याची नोंद घेतली. त्या दोन तरुणांच्या घरांचा विचार करून हे वाक्य गिळायला जड जातं, हे मी जाणतो. तरी कायद्याच्या दृष्टीने न्यायालयाचं म्हणणं योग्य होतं असंच माझं मत आहे. मुलाचा गुन्हा आणि मुलाचा आघात दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात. तिठ्यावरच्या मुलाचा आघात नोंदवायला मात्र त्याच्या बाजूने उच्च न्यायालयापर्यंत कोण जातो?

म्हणून काही गोष्टी आत्ताच लक्षात ठेवा, विशेषतः शाळेतले गुरुजी, आशाताई आणि पोलीस पाटील. मुलगा ताब्यात घेतला गेला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तो मागून घ्यावा. परिविक्षा अधिकारी घरी येईल तेव्हा आजीने झोप, भीती, जुनी मारहाण, दारू, शाळा सुटण्याचं खरं कारण हे सगळं सांगावं. अब्रूपोटी लपवलेलं त्या मुलाच्याच मुळावर येतं. मंडळाकडे समुपदेशन किंवा मानसोपचारांची मागणी वकिलामार्फत लेखी करता येते. आणि हे सगळं घडण्याच्या कितीतरी आधी, मुलाची झोप उडाली तेव्हाच, १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे. २०२२ पासून तो चालू आहे, फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं. भगताकडे जायचं असेल त्यांनी जरूर जावं. हा फोनही करावा.

पुढच्या भागात सामाजिक अन्वेषण अहवालाचा तो नमुनाच रकान्यागणिक वाचू, आणि प्रत्येक रकान्यात घरच्यांनी काय सांगायला हवं ते पाहू.