विंचवाचा नर, विंचवाची मादी

विंचू दिसला की आपल्याकडे आधी चप्पल उचलली जाते. तांबडा की काळा, एवढीच चौकशी होते. नर की मादी हे कुणी विचारत नाही. जाणकारानं काचेच्या बरणीत पकडलेला विंचू खालून पाहायला मिळाला, तर मात्र या प्रश्नाचं उत्तर समोरच दिसतं. पायांच्या शेवटच्या जोडीजवळ, पोटाच्या सुरुवातीला, दोन बाजूंना दोन कंगवे असतात. आजच्या प्राणिसृष्टीत असा अवयव फक्त विंचवाला आहे. चालताना तो हे कंगवे जमिनीवर टेकवत जातो आणि त्यांच्या दात्यांवरचे असंख्य सूक्ष्म खुंट वास आणि स्पर्श टिपतात. नराचे कंगवे लांब, दाते मोठे आणि बहुधा संख्येनंही जास्त. मादीचे आखूड.

बाकीच्या खुणा जातीगणिक बदलतात. मादी सहसा अंगानं भरलेली, नर सडपातळ. जगभरच्या किनारी भागांत पसरलेल्या आयसोमेट्रस मॅक्युलॅटस या जातीत नराची शेपटी मादीपेक्षा इतकी लांब असते, की दोघं एकाच जातीचे वाटू नयेत. काही जातींत नराचे चिमटे रुंद, तर काहींत बारीक आणि लांबट. पण निव्वळ आकारावरून निवाडा करू नये. उपाशी मादी रोडावलेली दिसते आणि अर्धवट वाढलेला विंचू तर हमखास फसवतो. भरवसा ठेवायचा तो कंगव्यांवर.

नराचे कंगवे मोठे का, हे त्याच्या जगण्याकडे पाहिलं की कळतं. मादी आपल्या बिळाच्या आसपास राहते. वयात आलेला नर मीलनाच्या हंगामात घर सोडून भटकतो आणि मादीनं जमिनीवर सोडलेला गंध कंगव्यांनी हुंगत तिच्यापर्यंत पोचतो. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात गॅरी पोलिस या संशोधकानं विंचवांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. तिथले भटके नर वाटेतच मोठ्या प्रमाणावर मारले जातात, बऱ्याचदा दुसऱ्या विंचवांकडूनच, हे त्यातून पुढे आलं.

मादी भेटली की नर आधी सगळं अंग थरथरवतो. आपण भक्ष्य नाही, हे तिला कळवण्याचा हा मार्ग असावा. मग तो तिचे चिमटे आपल्या चिमट्यांत धरतो आणि समोरासमोर तोंडं करून दोघं चालू लागतात. तो मागे सरकतो, ती पुढे येते. मध्येच थांबून एकमेकांच्या जबड्यांना जबडे लावतात. काही जातींत नर मादीला नांगीही मारतो. तिला शांत करण्यासाठी, असा अंदाज आहे. ही चाल काही मिनिटांत आटोपते किंवा कित्येक तास चालते. या सगळ्या वेळात नराचे कंगवे जमीन चाचपत असतात, कारण त्याला हवा असतो दगडासारखा टणक, सपाट पृष्ठभाग. तो सापडला की पोटाखालून शुक्राणूंनी भरलेली, देठावर उभी राहणारी कुपी तो तिथे चिकटवतो आणि मादीला ओढून नेमकं त्या कुपीवर आणतो. मादीच्या अंगाचा दाब पडला की कुपी उघडते आणि शुक्राणू तिच्या जननछिद्रात जातात. थेट समागम होतच नाही.

फ्रान्समधल्या सेरिन्यां गावी झां-आंरी फाब्र यांनी कंदिलाच्या उजेडात या जोड्या पाहिल्या आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांचं तपशीलवार वर्णन छापलं. जोडी खापराखाली शिरते, इथवर त्यांना दिसलं. कुपी दिसली नाही. ती उलगडायला 1950चं दशक उजाडावं लागलं.

मीलनानंतर मादी नराला खातेच, ही समजूत अतिरंजित आहे. तसं घडतं, पण बहुतेक नर काम होताच झटकन निसटतात. निसटण्याच्या बाबतीत दक्षिण अमेरिकेतल्या अनँटेरिस वंशाची गोष्ट मला सर्वांत थक्क करते. शत्रूनं पकडलं की हा विंचू शेपटी तोडून पळतो. गुदद्वार शेपटीतच असल्यानं मलविसर्जन कायमचं बंद होतं, तरी तो काही महिने जगतो. शेपटी गेलेल्या नरांच्या मीलनात फरक पडला नाही, मात्र शेपटी गेलेल्या माद्यांना पिल्लं कमी झाली, असं ब्राझीलमधल्या प्रयोगांत दिसलं. त्याच देशातल्या टिटियस सेरुलॅटस या पिवळ्या विंचवाच्या माद्यांना तर बहुतेक ठिकाणी नराची गरजच उरलेली नाही. एकटी मादी पिल्लं देते, म्हणून ही जात शहरांत झपाट्यानं पसरली.

नराचं काम कुपीपाशी संपतं. मादी काही महिने, काही जातींत वर्षाहूनही अधिक काळ, गर्भ वाढवते. विंचू अंडी घालत नाही. जिवंत, पांढरी, मऊ पिल्लं जन्मतात आणि आईच्या पाठीवर चढतात. ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ हे मादीपुरतंच खरं. पिल्लं आईचं अंग खाऊन वाढतात, ही गावोगावची समजूत चुकीची आहे. पहिली कात टाकेपर्यंत ती काहीच खात नाहीत, अंगातल्या साठ्यावर जगतात.

नांगी दोघांनाही असते, हे विसरू नये. कोकणातल्या तांबड्या विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध जीव वाचवतं, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिलं. तेव्हा दंश झाला तर मंत्रतंत्रात वेळ न दवडता थेट दवाखाना गाठावा. आणि रानात एखादा दगड उलटून पाहिलात, खाली पिल्लंवाली मादी दिसली, तर तिला मारू नका. दगड होता तसा हलकेच परत ठेवा.